संघ मोडून पुन्हा कसा उभारतात: ओक्लाहोमा सिटीच्या निमित्ताने एनबीएचे ट्रेड आणि ड्राफ्ट

23 जून 2025. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा, म्हणजे निकालाचा सामना. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सना 103-91 असं हरवलं आणि करंडक उचलला. नव्याने बास्केटबॉल बघू लागलेल्यांना त्या पहाटे दोन तरुण, चपळ संघ दिसले असतील. मला मात्र सामनाभर आठ वर्षांपूर्वीचा एक सौदा आठवत होता. 2017 च्या उन्हाळ्यात याच दोन संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली होती. पॉल जॉर्ज इंडियानाहून ओक्लाहोमाला गेला, व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस साबोनिस उलट दिशेने आले. 2025 च्या अंतिम सामन्यात या तिघांपैकी एकही मैदानावर नव्हता. तरीही दोन्ही संघांची मुळं त्याच सौद्यात होती.

हे कसं घडतं ते कळू लागलं की हरणाऱ्या संघाचा सामनाही बघावासा वाटतो. म्हणून इथे मी तुम्हाला जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसवणार आहे. एनबीएत संघबांधणीची जबाबदारी या माणसाकडे असते. कुणाला विकायचं, कुणाला घ्यायचं, कुणासाठी थांबायचं हे तो ठरवतो. ओक्लाहोमाच्या सॅम प्रेस्टी यांनी 2019 ते 2025 या काळात हे काम कसं केलं, ते पायरी पायरीने पाहू.

आधी मैदान समजून घ्या

एनबीएत 30 संघ आहेत. तळाला राहिलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. उलट नव्या खेळाडूंची निवड करताना त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त असते. आयपीएलसारखा दर काही वर्षांनी सगळे संघ मोकळे करणारा मोठा लिलावही इथे होत नाही. पाटी कधीच कोरी होत नाही. आज केलेल्या चुकीचं ओझं पाच-सात वर्षं वाहावं लागतं, आणि आजची हुशारीही तितकीच वर्षं फळ देते.

खेळाडू मिळवण्याचे रस्ते तीन. करार संपलेल्या खेळाडूला, म्हणजे फ्री एजंटला, पगार देऊन आणायचं. दुसऱ्या संघाशी ट्रेड करायचा. नाहीतर दरवर्षी जूनमध्ये होणाऱ्या ड्राफ्टमधून नवा खेळाडू निवडायचा. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या असतात आणि मिळून साठच्या आसपास निवडी होतात. या प्रत्येक निवडीच्या हक्काला 'पिक' म्हणतात.

पिकबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो वापरण्याआधीच देता-घेता येतो, आणि तोही सात वर्षं पुढचा. आज अकरा-बारा वर्षांचा असलेला, कुणी नावही न ऐकलेला एखादा मुलगा पुढे ज्या पिकवर निवडला जाईल, तो पिक आजच दुसऱ्याच्या हाती गेलेला असू शकतो. फेरउभारणीचा सारा व्यवहार या उधारीवर चालतो.

ओक्लाहोमा सिटी हे लहान शहर. लॉस एंजेलिस किंवा मायामीला मोठे खेळाडू स्वतःहून जातात, तसे ते इथे येत नाहीत. म्हणजे पहिला रस्ता जवळजवळ बंद. उरले ट्रेड आणि ड्राफ्ट.

पहिली पायरी: मधेच अडकलोय हे कबूल करा

सगळ्यात वाईट जागा तळाची नसते, मधली असते. 2018-19 च्या हंगामात थंडरने 82 पैकी 49 सामने जिंकले होते. रसेल वेस्टब्रूक आणि पॉल जॉर्ज असे दोन मोठे तारे, प्रचंड पगारखर्च, आणि तरीही सलग तिसऱ्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला. पोर्टलंडच्या डेमियन लिलर्डने 37 फुटांवरून मारलेल्या त्या अखेरच्या फटक्याचं चित्रण तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. समोरचा संघ थंडरचाच होता.

असा संघ जिंकतो बरेच सामने, त्यामुळे ड्राफ्टमध्ये नंबर खालचा येतो. पगाराची मर्यादा ओलांडलेली असते, त्यामुळे नवा मोठा खेळाडू घेता येत नाही. तारे दरवर्षी एकेक वर्षाने म्हातारे होत जातात. तुमच्या आवडत्या संघाला हे तीन प्रश्न विचारा: मुख्य खेळाडूंचं वय काय, त्यांचे करार कधी संपतात, आणि येत्या दोन वर्षांत हा संघ आजच्यापेक्षा चांगला होईल असं एखादं कारण तरी दिसतं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मोडतोड करायची वेळ आली आहे.

दुसरी पायरी: तारा जाण्याआधी विका

ही पायरी थंडरने फार महागात शिकली. केव्हिन ड्युरँटला त्यांनी 2007 साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलं होतं, तेव्हा हा संघ सिअॅटलमध्ये होता. नऊ हंगाम त्याला घडवलं. 4 जुलै 2016 रोजी, करार संपल्यावर, त्याने गोल्डन स्टेटकडे जात असल्याचं जाहीर केलं. बदल्यात थंडरला काहीही मिळालं नाही. खेळाडू नाही, पिक नाही.

तीन वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा दारात उभा राहिला, पण या वेळी पत्ते प्रेस्टींच्या हातात होते. जुलै 2019 मध्ये कवाय लेनर्डला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून खेळायचं होतं, पण सोबत पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्जनेही ट्रेड मागितला. त्याच्या कराराची बरीच वर्षं बाकी होती, म्हणजे थंडरला घाई नव्हती. क्लिपर्सना मात्र होती. जॉर्ज आला नाही तर लेनर्डही हातचा जाणार होता. अडलेल्या माणसाशी सौदा करताना किती मागायचं असतं, ते प्रेस्टींनी मागितलेल्या यादीत दिसतं: डॅनिलो गॅलिनारी, शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन वर्षी पिकची अदलाबदल करण्याचा हक्क.

शे तेव्हा 21 वर्षांचा होईल-न होईल असा होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती 10.8 गुण. बातम्यांचे मथळे पाच पिकवर होते. खरं घबाड हा कॅनडाचा शांत मुलगा ठरला. 2025 मध्ये तो 32.7 च्या सरासरीने लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा, हंगामातला सर्वोत्तम आणि अंतिम मालिकेतलाही सर्वोत्तम खेळाडू होता.

इथे नवख्यांसाठी एक खूण सांगतो. मोठ्या ट्रेडमध्ये ताऱ्याच्या बदल्यात जे तरुण खेळाडू येतात, त्यांच्या गुणांच्या सरासरीपेक्षा त्यांचं वय आणि कराराची उरलेली वर्षं आधी बघा. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चार वर्षं कमी असतो. शेच्या त्या करारातली तीन वर्षं बाकी होती. म्हणजे त्याला घडवायला वेळ होता आणि तो स्वस्तही होता.

लगोलग वेस्टब्रूक ह्यूस्टनला गेला. बदल्यात ख्रिस पॉल, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क आले. जेरामी ग्रँट डेन्व्हरला गेला, आणखी एक पहिल्या फेरीचा पिक आला. संघ रिकामा होत होता आणि कोठार भरत होतं.

तिसरी पायरी: पिकवरचा बारीक मजकूर वाचा

'पहिल्या फेरीचे पाच पिक' हे ऐकायला भारी वाटतं, पण सगळे पिक सारखे नसतात. जमिनीच्या व्यवहारात सातबारा बघितल्याशिवाय आपण इसार देत नाही, तसंच इथे.

पहिला प्रश्न: पिक संरक्षित आहे का? 'पहिल्या चारापर्यंत संरक्षित' याचा अर्थ असा, की त्या वर्षी देणाऱ्या संघाचा नंबर एक ते चारमध्ये आला तर पिक त्याच्याकडेच राहतो. थंडरने हे 2021 साली अनुभवलं. ह्यूस्टन त्या वर्षी लीगमध्ये तळाला होतं, आणि त्यांचा पिक पहिल्या चारातून घसरला तर अदलाबदलीच्या हक्काने तो ओक्लाहोमाला मिळणार होता. शक्यता 47.9 टक्के, जवळजवळ नाणेफेकच. वरचे नंबर ठरवणाऱ्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, ह्यूस्टनला दुसरा नंबर लागला आणि हक्क कागदावरच राहिला.

दुसरा प्रश्न: कोणत्या वर्षाचा? आज जोरात असलेल्या संघाचा पुढच्या वर्षीचा पिक म्हणजे तिसावा-अठ्ठाविसावा नंबर. त्याच संघाचा पाच वर्षांनंतरचा पिक कुठे पडेल कुणास ठाऊक. तारे थकलेले असतील, दुखापती झालेल्या असतील. म्हणून जिंकायची घाई झालेल्या संघाकडून दूरच्या वर्षाचे, असंरक्षित पिक मागायचे. क्लिपर्सनी स्वतःचे 2022, 2024 आणि 2026 चे पिक दिले, तेही कोणत्याही संरक्षणाशिवाय.

मधली वर्षं का सोडली? त्यामागे नियम आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी इतके पिक देऊन टाकले, की लीगला त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमच करावा लागला: येणाऱ्या सलग दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचा एकही पिक नाही, अशी वेळ येऊ द्यायची नाही. म्हणून सौदे वर्षाआड होतात, आणि मधल्या वर्षी अदलाबदलीचा हक्क मागितला जातो. म्हणजे तुमचा आणि माझा, दोन्हीतला चांगला पिक माझा.

घाईने पिक देणाऱ्याचं काय होतं याचा धडा म्हणजे 2013 चं ब्रुकलिन. केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स या वय झालेल्या जोडीसाठी त्यांनी बॉस्टनला 2014, 2016 आणि 2018 चे असंरक्षित पिक आणि 2017 ला अदलाबदलीचा हक्क दिला. 2016 च्या पिकवर बॉस्टनने जेलन ब्राउन घेतला. 2017 चा हक्क थेट पहिल्या क्रमांकाचा निघाला. तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टनने तिसरा नंबर आणि वर आणखी एक पिक घेतला, आणि जेसन टेटमला निवडलं. ब्राउन आणि टेटम यांनी 2024 मध्ये बॉस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं.

चौथी पायरी: इतरांना नकोसे करार भाड्याने घ्या

फेरउभारणीतली मला सर्वांत आवडणारी पायरी हीच, कारण टीव्हीवर तिच्याबद्दल जवळजवळ कुणी बोलत नाही.

एनबीएत पगाराला मर्यादा आहे. 2024-25 मध्ये ही सॅलरी कॅप सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती. काही अपवाद वापरून संघ ती ओलांडू शकतात, पण 17 कोटी 8 लाखांच्या वर गेलं की जबर कर लागतो. मर्यादेच्या वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू परत घ्यावे लागतात. म्हणून ज्याच्याकडे पगाराची मोकळी जागा आहे, त्याच्याकडे बाकीचे संघ अडचण घेऊन येतात: "हा खेळाडू तेवढा ठेवून घ्या." तेव्हा उत्तर द्यायचं, "घेतो, सोबत पिक द्या."

डिसेंबर 2020 मध्ये फिलाडेल्फियाला अल हॉरफर्डचा मोठा करार नको होता. थंडरने तो घेतला आणि सोबत पहिल्या फेरीचा पिकही घेतला. सहा महिन्यांनी हॉरफर्ड बॉस्टनला देऊन केम्बा वॉकरचा त्याहून नकोसा करार घेतला, आणि त्यासोबत 2021 चा सोळावा पिक. एकच जागा, दोनदा भाडं.

पण याचं मूळ फार जुनं आहे. जुलै 2007 मध्ये फीनिक्सला करातून सुटायचं होतं. कर्ट थॉमस नावाचा पस्तिशीकडे झुकलेला खेळाडू त्यांनी सिअॅटलच्या गळ्यात घातला आणि त्याला घेतल्याबद्दल 2008 आणि 2010 चे पहिल्या फेरीचे पिक दिले. जेमतेम तिशीतले प्रेस्टी नुकतेच जनरल मॅनेजर झाले होते. फेब्रुवारी 2008 मध्ये त्यांनी थॉमसला सॅन अँटोनिओकडे पाठवून आणखी एक पहिल्या फेरीचा पिक मिळवला. आता पुढचा धागा बघा. 2008 च्या त्या चोविसाव्या पिकवर काँगोचा 18 वर्षांचा सर्ज इबाका निवडला गेला. एक वर्ष तो स्पेनमध्येच खेळला, मग आला आणि 2012 च्या अंतिम मालिकेपर्यंत पोचलेल्या संघाचा आधार झाला. 2016 मध्ये इबाका ऑर्लँडोला गेला, बदल्यात ओलाडिपो आणि साबोनिस आले. 2017 मध्ये त्या दोघांच्या बदल्यात पॉल जॉर्ज. 2019 मध्ये जॉर्जच्या बदल्यात शे आणि क्लिपर्सचे पिक. त्यातल्या 2022 च्या बाराव्या पिकवर जेलन विल्यम्स निवडला गेला, आणि त्याने 2025 च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात 40 गुण केले.

म्हणजे 18 वर्षांपूर्वी कुणालाच नको असलेल्या एका करारापासून अजिंक्यपदापर्यंतची साखळी, मधे एकही कडी न तुटता. शे आणि जेलनला एकत्र खेळताना पाहिलं की मला कर्ट थॉमस आठवतोच.

पाचवी पायरी: हरा, पण हरण्यावर भिस्त ठेवू नका

प्लेऑफमध्ये न पोचलेले 14 संघ लॉटरीत उतरतात. 1 ते 14 आकड्यांचे चेंडू एका यंत्रात फिरतात, चार बाहेर येतात. त्यांच्या 1,001 जुळण्या होतात, त्यातली एक सोडून बाकी 1,000 संघांत वाटलेल्या असतात. 2019 पासून लागू झालेल्या रचनेत तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 जुळण्या, म्हणजे पहिला नंबर मिळण्याची शक्यता 14 टक्के. आधी ती सर्वांत वाईट संघाला 25 टक्के होती. अशा प्रकारे फक्त पहिले चार नंबर काढले जातात, बाकीचे गुणतक्त्याप्रमाणे. त्यामुळे सर्वांत तळाचा संघ पाचव्याच्या खाली जात नाही. पण पाचवा येण्याची शक्यता 47.9 टक्के असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 2023 आणि 2024 मध्ये डेट्रॉइट आणि 2025 मध्ये यूटा, तिन्ही वेळा तळाला राहून पाचवाच नंबर मिळाला. त्याच 2025 मध्ये 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग त्यांच्याकडे गेला.

हा नियम बदलायला फिलाडेल्फियाची मोठी पार्श्वभूमी होती. 2013 ते 2016 या काळात तिथले जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांनी तळाला राहणं हीच योजना केली. 19-63 (म्हणजे 19 विजय, 63 पराभव), मग 18-64, मग 10-72. वरचे पिक आले, जोएल एम्बीडसारखा महान खेळाडूही मिळाला. पण सतत हरणाऱ्या संघात तरुणांना शिकवणारं कुणी नव्हतं, वरच्या निवडींपैकी अनेक फसल्या, आणि अजिंक्यपदासमोर दुसऱ्या फेरीची भिंत उभी राहिली. हिंकींचा संयम मला मान्य आहे, पण मुलांना फक्त हरायला मैदानावर उतरवणं मला कधीच पटलं नाही. सवयी तिथेच लागतात.

थंडरही हरले. 22-50, नंतर 24-58. 2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसने त्यांना 152-79 असं हरवलं. 73 गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. पण तोवर संघ मार्क डेगनॉल्ट यांच्याकडे सोपवलेला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा ते 35 वर्षांचे होते, आणि त्याआधी त्यांनी थंडरचाच तालमीचा संघ, ओक्लाहोमा सिटी ब्लू, पाच वर्षं सांभाळला होता. हरत असतानाही बचावाची शिस्त, चेंडू पुढे देण्याची सवय आणि प्रत्येकाला ठरलेलं काम सुटलं नाही. मोठ्या पराभवांचे दोनच हंगाम झाले, तिसऱ्यात 40-42, चौथ्यात 57-25.

नव्या प्रेक्षकाने अशा काळात गुणफलक कमी बघावा. 20 ते 22 वर्षांच्या खेळाडूंना शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू मिळतोय का, दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्यात एखादी नवी गोष्ट दिसतेय का, हे बघावं.

सहावी पायरी: निवडताना रांगेतल्या नंबरापलीकडे बघा

2022 मध्ये लॉटरीने थंडरला चौथ्यावरून दुसऱ्या नंबरवर आणलं. चेट होल्मग्रेन, सात फुटांचा, काटकुळा, पण चेंडू अडवणारा आणि दुरून बास्केट करणारा. ऑगस्टमध्ये पायाच्या दुखापतीने त्याचा सबंध पहिला हंगाम गेला. संघाने घाई केली नाही.

त्याच ड्राफ्टमधला बारावा पिक म्हणजे जेलन विल्यम्स. सांता क्लारा या फारशा नावाजलेल्या नसलेल्या महाविद्यालयीन संघात तो तीन वर्षं खेळला होता. एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मागे लागलेल्या लीगमध्ये एकवीस वर्षांचा खेळाडू मागे राहिला, आणि थंडरने त्याला उचललं. आणखी मागे बघायचं तर एरन विगिन्स 2021 मध्ये पंचावन्नावा आणि लू डॉर्ट 2019 मध्ये निवडलाच गेला नव्हता. आयझया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. तिघेही अजिंक्यपदाच्या संघात होते.

चुकाही झाल्या, आणि त्या बघितल्याशिवाय हे चित्र खोटं ठरेल. 2020 चा सतरावा पिक, सात फुटी पोकुशेव्स्की, टिकला नाही. वॉकरसोबत आलेल्या त्या सोळाव्या पिकचे थंडरने पुढच्या दोन पिकमध्ये रूपांतर केलं, आणि ह्यूस्टनने त्यावर अल्परेन शेंगूनला घेतलं, जो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तमांच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला. 2022 मध्ये तीन पिक मोजून घेतलेला अकरावा उस्मान जेंग त्याच्या पाठोपाठ बाराव्या नंबरवर आलेल्या जेलनच्या जवळपासही पोचला नाही. कुणालाच सगळ्या निवडी बरोबर जमत नाहीत. पिकचा साठा मोठा असला की एखादी चूक पचवता येते, यासाठीच तो जमवायचा.

सातवी पायरी: कोठार उघडायची वेळ ओळखा

साठवत राहण्याची सवय लागली की हात आखडतो. अनेक फेरउभारण्या इथे बिघडतात. 2024 मध्ये थंडर पश्चिम विभागात पहिले आले आणि दुसऱ्या फेरीत डॅलसकडून हरले. मालिकेत दिसलं की जॉश गिडीला समोरचे संघ बाहेरून फटका मारायला मोकळं सोडतात. गिडी 21 वर्षांचा, 2021 चा सहावा पिक. जूनमध्ये त्याला शिकागोला देऊन अॅलेक्स करूसो घेतला: तिशीतला, ड्राफ्टमध्ये कधीच न निवडला गेलेला, पण बचावात लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक. तो आधी ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळून गेलेला होता. मग उंच खेळाडूंची उणीव भरायला आयझया हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी 8 कोटी 70 लाख डॉलर दिले. या दोन्ही हालचालींत पहिल्या फेरीचा एकही पिक खर्च झाला नाही. पुढच्या हंगामात 68-14.

ही वेळ कशी ओळखायची? तुमचे दोन-तीन मुख्य खेळाडू ठरले आहेत, ते प्लेऑफमध्ये टिकतात हे दिसलंय, आणि हरण्याचं कारण नेमकं सांगता येतंय, तेव्हा. कारण धूसर असेल तर अजून थांबा.

इंडियानाची वेगळी वाट

आता सुरुवातीच्या सौद्याची दुसरी फांदी. इंडियानाने संघ पूर्ण मोडलाच नाही. ओलाडिपो 2021 मध्ये गेला, बदल्यात कॅरिस लेव्हर्ट आला. लेव्हर्ट 2022 मध्ये क्लीव्हलंडला गेला, त्या बदल्यात आलेल्या पिकवर अँड्र्यू नेम्बार्ड आणि बेन शेपर्ड निवडले गेले. साबोनिस फेब्रुवारी 2022 मध्ये सॅक्रामेंटोला गेला, बदल्यात आला टायरीस हॅलिबर्टन. जानेवारी 2024 मध्ये तीन पिक देऊन पास्कल सियाकम. त्या जोरावर ते अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले. तिथे हॅलिबर्टनच्या टाचेचा मोठा स्नायुबंध (अकिलीस) तुटला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

या फांदीचा आपल्या मुंबईशीही धागा आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, ते इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांच्यातच. साबोनिस इंडियानाकडे होता, आणि समोरच्या सॅक्रामेंटोचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. अडीच वर्षांनी तोच साबोनिस त्यांच्या संघात गेला आणि 2023 मध्ये सॅक्रामेंटोचा 16 हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. हॅलिबर्टन दिल्याबद्दल सॅक्रामेंटोला आजही बोल लावले जातात. मला तो सौदा दोघांनाही उपयोगी पडलेला वाटतो, फक्त इंडियानाला जास्त.

आठवी पायरी: बिल येतंच

जेलन विल्यम्सला 2024-25 मध्ये सुमारे 48 लाख डॉलर मिळत होते. तो ऑल-स्टार होता. स्वस्त कराराची ही चार वर्षं संपली की खरा हिशोब सुरू होतो. जुलै 2025 मध्ये शेने चार वर्षांच्या, सुमारे 28 कोटी 50 लाख डॉलरच्या मुदतवाढीवर सही केली. चेट आणि जेलनचे पाच-पाच वर्षांचे नवे करार प्रत्येकी सुमारे 24 कोटींपासून सुरू होतात.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023 च्या करारनाम्याने पगाराची आणखी एक कडक रेषा आखली, तिला सेकंड एप्रन म्हणतात. 2024-25 मध्ये ती 18 कोटी 89 लाखांवर होती. तिच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि सात वर्षं पुढचा पिकही गोठतो. अशा वेळी साठवलेले पिक वेगळ्याच कामाला येतात: तीन महागड्या ताऱ्यांभोवती दरवर्षी स्वस्त, तरुण खेळाडू आणायला. म्हणून सातव्या पायरीवर कोठार उघडा म्हटलं तरी रिकामं करू नका.

तुमच्या संघाचा कागद असाच मांडा. एका रकान्यात खेळाडू, वय, कराराचं शेवटचं वर्ष. दुसऱ्यात येणारे आणि जाणारे पिक, वर्ष आणि संरक्षणासह. तिसऱ्यात पुढच्या तीन वर्षांचा पगारखर्च. दर फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपली की आणि दर जूनमध्ये ड्राफ्ट झाला की तो अद्ययावत करा.

माझ्या कागदावर क्लिपर्सची ओळ सात वर्षं लिहिलेली आहे. पॉल जॉर्ज 2024 च्या उन्हाळ्यात करार संपवून फिलाडेल्फियाला निघून गेला. क्लिपर्सना बदल्यात काहीच मिळालं नाही. त्याच्यासाठी ओक्लाहोमाला द्यायचा शेवटचा पिक मात्र 2026 सालचा आहे.